कागदावरचा कारखाना

घराच्या विम्याचा हप्ता सलग तिसऱ्या वर्षी वाढून आला, तेव्हा मे महिना चालू होता. मी एका खाजगी शाळेत लिपिक आहे. मुलांना सुट्टी असली तरी आमचं कार्यालय उघडं असतं, कारण दाखले नेणारे पालक नेमके उन्हाळ्यातच येतात. मी कूलरसमोर बसून एक दाखला लिहीत होते आणि मोबाइलवर विमा कंपनीचा संदेश आला. रिन्युअलला महिना उरला आहे, इतकी इतकी रक्कम भरा. ती रक्कम गेल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट होती. मला वाटलं, दुसऱ्या कोणाचा संदेश चुकून माझ्याकडे आला. पण नाव नवऱ्याचं होतं आणि पत्ता आमचाच होता.

खरं सांगायचं तर आमच्याकडे घराचा विमा कोणी हौसेनं काढत नाही. गाडीचा काढतात, कारण पोलीस विचारतो. आमच्या घराचा निघाला तो बँकेमुळे. नागपूरच्या पूर्वेकडे विणकरांची जुनी वस्ती आहे, तिथे आमचं घर. खालचा मजला सासऱ्यांनी बांधला. वरचा आम्ही कर्ज काढून बांधला, आणि कर्ज देतानाच बँकेनं विमाही गळ्यात घातला. दोन वर्षांपूर्वी कर्ज फिटलं तेव्हा विमा बंद करायचं घरात जवळपास ठरलं होतं. पण त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक घर जळालं. भर दुपारी कूलरची वायर पेटली. सगळे लग्नाला गेले होते म्हणून जीव वाचले, बाकी काही वाचलं नाही. ते कुटुंब अजूनही उमरेडला नातेवाइकांकडे राहतं. त्यांच्या काळ्या भिंतींसमोरून मी रोज शाळेत जाते. त्यामुळे विमा बंद करायला मी नाही म्हटलं, आणि पुढे दोन वर्षं वाढलेला हप्ता कुरकुरत का होईना भरला.

या वेळी मात्र नवऱ्याचं म्हणणं खोडून काढणं कठीण होतं. तो मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात सुपरवायझर आहे. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला, हातपाय धुतले, आणि मी त्याच्यापुढे मोबाइल धरला. त्यानं तो आकडा दोनदा वाचला.

"सोडून दे आता," तो म्हणाला. "गल्लीत कोणाचा विमा आहे? त्यायची घरं उभी नाहीत का?"

मी म्हटलं, "एकाचं नाही उभं."

त्यानं मोबाइल परत दिला. मग म्हणाला की एवढ्या पैशात वरच्या मजल्याची सगळी वायरिंग नवी करून होईल, तीच खरी काळजी घेणं. त्याचं चूक नव्हतं. मी त्याच्याकडून रिन्युअलच्या तारखेपर्यंतचा वेळ मागून घेतला. हप्ता का वाढला ते मला कळू दे, कळल्यावरही पटलं नाही तर बंद करू, असं ठरलं.

ज्या एजंटनं पॉलिसी काढून दिली तो वस्तीतलाच. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "सगळीकडंच वाढून राहिलं, ताई. महागाई आहे ना." मग त्यानं सुचवलं की विम्याची रक्कम अर्धी करा, हप्ता आपोआप उतरेल. अर्ध्या घराचा विमा काढून मी उरलेल्या अर्ध्या घराचं काय करणार होते, ते त्यानं सांगितलं नाही. मी त्याला म्हटलं, आमची पॉलिसी पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत पाठव. इतक्या वर्षांत आम्ही तिचं फक्त पहिलं पान पाहिलं होतं, आणि तेही पैसे किती भरायचे ते बघण्यापुरतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शाळेच्या प्रिंटरवर मी ती छापून घेतली. डबा खाता खाता वाचायला बसले. एकवीस वर्षं मी फॉर्म वाचत आले आहे. मुलाची जन्मतारीख पहिलीत चुकीची लिहिली गेली की ती दहावीपर्यंत तशीच चालत जाते. दरवर्षी नवा माणूस जुन्या रजिस्टरवरून उतरवून घेतो आणि कोणीच मुलाच्या तोंडाकडे पाहत नाही. कागद असा वाचायची मला सवय आहे. तरी सहाव्या पानावर पोहोचेपर्यंत मला काही सापडलं नव्हतं. सहाव्या पानावर एक चौकट होती. तिच्यात घराचा वापर लिहिला होता. राहण्यासाठी, असं तिथे असायला हवं होतं. तिथे होतं, हातमाग कारखाना आणि सुताचा साठा.

मी घास तसाच ठेवला. त्याच्याच खाली घराची किंमत होती, आणि त्या किमतीत आमच्या प्लॉटचीही किंमत धरली होती. म्हणजे जमीन जळून जाईल म्हणून आम्ही इतकी वर्षं विमा भरत होतो, आणि वस्तीतले जागेचे भाव वाढले की आमचा हप्ताही वाढत होता.

कारखान्याची गोष्ट मात्र अगदीच खोटी नव्हती. कर्ज काढलं तेव्हा बँकेचा माणूस घर पाहायला आला होता, आणि त्या वेळी खालच्या मजल्यावर माझ्या सासऱ्यांचे चार माग खरंच चालत होते. इतवारीतल्या विणकर संस्थेतून सूत यायचं, साड्या विणून जायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने मला त्या आवाजात फोनवर बोलता येत नव्हतं. पुढे सासऱ्यांचे गुडघे गेले, साड्यांना उठाव राहिला नाही, आणि तीन माग विकले गेले. बारा वर्षांपासून घरात एक बोट सूतही आलेलं नव्हतं. कागदावर मात्र कारखाना चालूच होता. मी एजंटला पुन्हा फोन लावला, तेव्हा त्यानं चौकशी करून सांगितलं की कंपनीनं तीन वर्षांपासून कारखान्यांचे दर वाढवले आहेत, सूत-कापसाचे तर फारच. मग महागाईचं काय, असं मी विचारलं नाही.

शनिवारी मी कंपनीच्या शाखेत गेले. खिडकीमागच्या मुलीनं माझं ऐकून घेतलं आणि सांगितलं की सिस्टिममध्ये वापर बदलता येत नाही. मी स्वतः कितीतरी पालकांना हेच वाक्य ऐकवलं आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला माहीत होता. बदलता येतं, पण त्यासाठी कोणाला तरी उठावं लागतं. मी बाकावर बसून अर्ज लिहिला. वापर दुरुस्त करा, जमिनीची किंमत वगळा, आणि हे शक्य नसेल तर का नाही ते लेखी कळवा. नवऱ्याची सही मी घरूनच कोऱ्या कागदावर आणली होती. तीन प्रती केल्या, एकीवर पोच मागितली. मुलगी म्हणाली पोचेची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे. तिनं आत जाऊन शिक्का आणला. आठ दिवसांत सर्वेअर येऊन घर पाहील, असं मला सांगण्यात आलं.

मी खुशीत घरी आले, आणि खालच्या मागच्या खोलीचं दार उघडं दिसलं तेव्हा माझे पाय थांबले. चौथा माग तिथे होता.

तो सासऱ्यांनी विकला नव्हता. खड्ड्याचा माग, म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं असा. त्यांच्या वडिलांनी बसवलेला. त्यावर ताणा, म्हणजे उभे धागे, नव्हता, सूत नव्हतं, पण धागे ठोकून बसवायची फणी जागेवर होती, आडवा धागा नेणारा धोटा जागेवर होता. दर आठवड्याला सासरे एक जुनं धोतर घेऊन लाकूड पुसायचे. त्याच खोलीत आम्ही तांदळाची कोठी आणि हिवाळ्यात कूलर ठेवत असू, पण मागाला कोणी काही टेकवून ठेवलेलं त्यांना चालत नसे.

एजंटला सर्वेअरचं कळलं तसा त्याचाच फोन आला. सर्वेअरनं माग पाहिला की विषय संपला, म्हणाला, आधीच काढून टाका. नवऱ्यानंही मनावर घेतलं. जुनं लाकूड हॉटेलांच्या सजावटीला घेणारा एक माणूस त्याला माहीत होता. तो माग उचलून नेईल, वर पैसेही देईल, खड्डा बुजवून फरशी टाकली की खोली मोकळी. हे सगळं आम्ही वरच्या मजल्यावर हळू आवाजात बोललो. मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. माझ्याजवळ दुसरा उपाय नव्हता.

आमचं बोलणं खाली ऐकू गेलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शाळेतून आले तर सासरे खड्ड्याच्या काठावर बसून मागाच्या दोऱ्या सोडत होते. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून प्रत्येक गाठ बोटांनी चाचपून मग सोडायचे. दोन बाजूंच्या दोऱ्या सुटून गुंडाळूनही ठेवल्या होत्या.

"मामाजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

त्यांनी मान वर केली नाही. "त्यानं आपटून-ओढून काढला त फणी मोडते," ते म्हणाले. "मी सोडून ठेवतो. माह्यापायी तुमाले दरसाल जास्तीचे पैसे कायले, पोरी."

मी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसले. इतका वेळ ते प्रकरण माझ्यासाठी एका चुकलेल्या चौकटीचं होतं. त्या क्षणी मला माझाच राग आला. जे घर वाचवायला मी विमा भरत होते, त्यातलीच एक वस्तू हप्ता उतरवायला मी घराबाहेर काढायला निघाले होते. मी त्यांना सांगितलं की सर्वेअर येऊन जाईपर्यंत एकही गाठ सोडायची नाही. सोडलेल्या पुन्हा बांधा. त्यांनी गुंडाळलेली दोरी हातात घेतली आणि विचारलं, "आणि त्यानं नाई म्हटलं त?"

"त मग पाहू," मी म्हटलं. मला काय पाहायचं ते माहीत नव्हतं.

त्याच रात्री मी पॉलिसी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली, या वेळी पेन्सिल घेऊन. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात शब्दांचे अर्थ दिले होते. आग म्हणजे काय, पूर म्हणजे काय, इमारत म्हणजे काय. कारखान्याचाही अर्थ होता. विक्रीसाठी माल तयार करण्याचं काम जिथे नियमित चालतं ती जागा. यंत्र असलेली जागा, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी ती ओळ नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली. तो म्हणाला, हे आपल्याला कळून काय उपयोग, त्यांना कळायला पाहिजे. पण त्यानं त्या हॉटेलवाल्या माणसाला त्या आठवड्यात येऊ नको म्हणून सांगितलं.

आता काम नियमित चालत नाही याचा पुरावा हवा होता. सासरे विणकरांच्या संस्थेचे सभासद होते. संस्थेतून सूत घ्यायचं आणि साड्या तिथेच द्यायच्या, असं त्यांचं आयुष्य गेलं. मी त्यांना घेऊन ऑटोनं संस्थेत गेले. जुनी इमारत, पंखा फिरत होता, आणि एकच वयस्कर हिशेबनीस बसले होते. त्यांनी सासऱ्यांना ओळखलं आणि उठून खुर्ची दिली. रजिस्टर काढलं. सासऱ्यांच्या नावापुढे सुताची शेवटची नोंद बारा वर्षांपूर्वीची होती. तसं पत्र लिहून द्यायला ते तयार झाले, पण म्हणाले की सभासदानंही खाली लिहून द्यावं लागेल की मी विणकाम कायमचं बंद केलं आहे.

सासरे पेन हातात घेऊन बसून राहिले. बारा वर्षं त्यांनी विणलं नव्हतं, पण बंद केलं असं ते कधी कोणापुढे बोलले नव्हते. कोणी विचारलं की म्हणायचे, सध्या थांबलो आहे.   शेवटी सासऱ्यांनी विचारलं, "कायमचं, हे लिवलंच पायजे का गा?"

हिशेबनीसांनी पत्र परत ओढून घेतलं, कायमचं हा शब्द खोडला, आणि त्याजागी लिहिलं, बारा वर्षांपासून. म्हणाले, खरं तेच लिहू, जास्तीचं कशाला. मग सासऱ्यांनी सही केली. नेहमीपेक्षा मोठी आणि ठळक.

सर्वेअर आला तो दिवस आगीसारखा तापला होता. मी अर्धी रजा टाकली होती. घामानं भिजलेला पन्नाशीचा माणूस, हातात फीत आणि मोबाइल. आधी मी त्याला माठातलं पाणी दिलं, मग त्यानं वरचा मजला मोजला, गच्ची पाहिली, मीटर पाहिलं. मीटर घरगुतीच होतं, ते त्यानं लिहून घेतलं. मागच्या खोलीच्या दारात मात्र तो उभाच राहिला.

"हे तर आहे इथे," तो म्हणाला. त्यानं फोटो काढला. मग सासऱ्यांकडे वळून विचारलं की महिन्याला किती साड्या निघतात.

"एकही नाई. बारा वर्षं झाले."

"पण माग चालू आहे?"

मला वाटलं, आता नाही म्हणतील. नाही म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. सासरे म्हणाले, "चालू आहे. ताणा लावून बसलो त आत्ता चालंल."

सर्वेअर ते लिहायला लागला. मी पुढे झाले. "साहेब, वर माझी शिलाई मशीन आहे," मी म्हटलं. "तीही चालू आहे. मग वर काय शिंप्याचं दुकान आहे का?"

तो थांबला. मी त्याला संस्थेचं पत्र दिलं, विजेची बिलं दिली, पॉलिसीतल्या पानाची प्रत दिली, तिच्यात ती ओळ अधोरेखित होती. खोलीतली कोठी उघडून दाखवली, त्यात तांदूळ होता. माळ्यावर चढून पाहा म्हटलं, तर तो खरंच चढला. सूत कुठेच नव्हतं. उतरल्यावर कपडे झटकत म्हणाला, मी जे पाहिलं ते लिहीन, ठरवणारा मी नाही. मला तेवढं पुरेसं वाटलं.

पुरेसं नव्हतं. चार दिवसांनी कंपनीचं पत्र आलं, सोबत सर्वेअरच्या अहवालाची प्रत. पाहणीत चालू स्थितीतला हातमाग आढळल्यामुळे वापरात बदल करता येत नाही. रिन्युअलला नऊ दिवस उरले होते. ते पत्र वाचून नवरा ओसरीत बसला. मला वाटलं आता म्हणेल, झालं तुझं समाधान. पण त्यानं तेच पत्र पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "यायनं कारखाना आहे असं लिवलंच नाई. फक्त माग आहे लिवलं. माग त आहेच. उद्या मी सुट्टी टाकतो."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आम्ही दोघं एका बाजूला उभे होतो. त्यामुळे मला जो जोर आला तो अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही खिडकीशी थांबलो नाही. व्यवस्थापकांना भेटायचं आहे, ते येईपर्यंत बसतो, म्हणून सांगितलं आणि बसलो. तासाभरानं त्यांनी आत बोलावलं. माणूस सभ्य होता, दमलेला होता, त्याच्या टेबलावर फायलींचा ढीग होता. त्यानं आधी तेच सांगितलं, सर्वेअरचा अहवाल आमच्यावर बंधनकारक असतो. मी म्हटलं की आमची अहवालाबद्दल तक्रार नाही. अहवाल खरा आहे. मग मी त्यांच्यापुढे त्यांचीच पॉलिसी ठेवली, मागचं पान उघडून.

"यात कारखाना कशाला म्हणायचं ते तुम्हीच लिहिलं आहे," मी म्हटलं. "तुमच्या सर्वेअरनं लिहिलंय, सूत नाही, माल नाही, मजूर नाही, मीटर घरगुती. आता हे दोन कागद शेजारी ठेवून तुम्ही मला एका ओळीत लिहून द्या, आमच्या घरी कारखाना कसा. ते पत्र मी तुमच्या तक्रार अधिकाऱ्याकडे नेईन, आणि तिथून पुढे विमा लोकपालाकडे."

आवाज चढवला नव्हता. पालक चढवतात तेव्हा माझं काम थांबतं, हे मला ठाऊक होतं. व्यवस्थापकांनी ती व्याख्या वाचली. मग अहवाल मागवून वाचला. मग पुन्हा व्याख्या. नवरा मध्येच म्हणाला, "साहेब, जमिनीचंही पाहा. घर पडलं त पुन्हा बांधावं लागंल. प्लॉट काय कुठं जाऊन नाही राहिला." ते ऐकून व्यवस्थापक थोडे हसले. त्यांनी कोणाला तरी फोन लावला, आमच्यासमोरच. बोलणं बराच वेळ चाललं. फोन ठेवून म्हणाले की दोन्ही दुरुस्त्या होतील. वापर राहण्याचा, आणि किंमत फक्त बांधकामाची.

मी लेखी मागितलं. त्यांनी मुलीला बोलावून तिथेच छापून घेतलं. नवा हप्ता त्या कागदावर होता. वाढायला लागण्याआधी, तीन वर्षांपूर्वी जो भरत होतो, त्याहूनही तो कमी होता. नवऱ्यानं तो कागद माझ्या हातून घेतला, पाहिला, आणि परत माझ्याच हातात दिला. "तूच धर," म्हणाला.

आम्ही उठणार तेवढ्यात व्यवस्थापकांनी सांगितलं, घरातल्या सामानाचाही विमा त्याच पॉलिसीत बसतो, यादी द्यायची असेल तर द्या. आणि जरा थांबून म्हणाले, "तो माग आता कारखान्याचा नाही. मग तो सामानातच धरावा लागेल ना." मी तिथूनच सासऱ्यांना फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी मी विचारलं की मागाचा विमा उतरवायचा आहे, त्याची किंमत किती लिहू.

पलीकडे मागच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "मले नाई सांगता येत, पोरी. तूच लिव. कमी नको लिवू."

मी कमी लिहिली नाही. यादीत टीव्ही, फ्रिज, दोन कूलर, शिलाई मशीन, आणि सगळ्यात वर हातमाग, एक. व्यवस्थापकांनी आकडा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता सही केली. घरी आलो तेव्हा सासरे गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे होते, उन्हात, डोक्यावर दुपट्टा घेऊन.

गोष्ट गल्लीत पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. नवऱ्यानंच पसरवली. त्याच बँकेतून कर्ज काढून मजले चढवलेली आणखी सहा घरं आमच्या वस्तीत निघाली, सगळी विणकरांची. त्या घरांतल्या बायका रविवारी आपापली पॉलिसी घेऊन आमच्या ओसरीत जमल्या. सहापैकी पाच कागदांवर तोच कारखाना होता. एकीच्या घरी तर दोन पिढ्यांपासून माग नाही, तिचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. मी प्रत्येकीला सहावं पान दाखवलं, मागचं पान दाखवलं, अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. लिहून मात्र दिला नाही. तुमच्या अक्षरात लिहा म्हटलं, म्हणजे तिथे विचारलं तर सांगता येईल.

जूनच्या सुरुवातीला आम्ही सात जणी दोन ई-रिक्षांत बसून शाखेत गेलो. मी आत गेले नाही, मुद्दामच. बाहेरच्या बाकावर बसले. एकेक जण आत जाऊन शिक्क्याची प्रत घेऊन येत होती आणि मला दाखवून शेजारी बसत होती. बाक भरला तशा दोघी पायरीवर बसल्या. सगळ्यात शेवटी आल्या त्या सत्तरीच्या काकू, ज्यांना सहीपुरतंच लिहिता येतं. त्यांचा अर्ज सुनेनं लिहिला होता आणि त्यांनी तो तोंडपाठ केला होता. त्यांना इतका वेळ लागला की आम्हाला काळजी वाटायला लागली. बाहेर आल्या त्या प्रत पदराखाली धरून.

"पोरगी म्हणे उद्या या," त्यांनी सांगितलं. "मी म्हटलं, तू शिक्का मार वं बाई, मी काही घाईत नाई. मग मारला तिनं."

आम्ही सगळ्या हसलो. पोळ्याच्या आधी पाचही घरांचे कागद दुरुस्त होऊन आले. जिच्या कागदावर कारखाना नव्हता तिच्याही विम्यातून जमिनीची किंमत वगळली गेली, आणि तिनं सगळ्या गल्लीला पाटवडी-रस्सा खाऊ घातला. एजंट त्या जेवणाला आला होता. हात धुताना त्यानं मला बाजूला बोलावून विचारलं की त्याच्या स्वतःच्या घराची पॉलिसी मी एकदा पाहून देईन का. मी म्हटलं, आण, पण पूर्ण आण.